सुध्याचा डबा

१२ जानेवारी. तूर पाखडायला बसले होते.

शेजारच्या विजयकडे गेलात, तर खिडकीखालच्या उलट्या पत्र्याच्या डब्यावर बसू नका. तो ओरडतो, "तिथं नोका बसू, सुध्याची जागा हाये!" सुधाकर त्याचा धाकटा भाऊ. तो हाच डबा ढोलासारखा वाजवायचा. गेल्या वर्षी तापानं गेला.

विजय कामरगावात मोबाइल दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात रॉक गातो. आवाज घुमावा म्हणून त्यानं माझी गव्हाची रिकामी कोठी नेली. कोठीत तोंड घालून गाणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "सुध्या, घाई नोको करू. हां, आता." मग काहीच नाही. मग एकदम गिटार. पहिल्यांदा अंगावर काटा आला. नंतर मी फक्त कोठी कधी देतोस, ते विचारायला लागले.

या आठवड्यात अल्बम निघाला. कंपनी-बिंपनी नाही. स्वतःच इंटरनेटवर टाकला, स्वतःच पेन ड्राइव्ह भरून बाजारात वाटले. प्रत्येक गाण्यात मध्येच सगळं थांबतं. लोक पेन ड्राइव्ह परत आणायला लागले. पानवाला म्हणाला, "फाइल खराब हाये बे, फुकटात बी नाही परवडत."

"काहून भरत नाही रे ती जागा?" मी विचारलं. "मशीनचा ढोल टाक ना."

"काकू, सुध्याच्या जागी मशीन? एकाले तरी त्याचा ताल ऐकू आला पायजे. नाही तर गिटार इकून टाकतो."

आज पाखडता पाखडता मी तो अल्बम लावला. गाणं थांबलं. आत कोठीचा पोकळ घुमारा तेवढा उरला, कोणी श्वास धरून बसल्यासारखा. अंगणातली कबुतरंही गप्प. माझं सूप चालूच होतं: थप, थप, झर्र. आणि गिटार नेमकी माझ्या थापेवर परत आली.

योगायोग असेल म्हणून पुढच्या गाण्यात हात आवरून पाहिले. आवरले नाहीत. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेला डबा माझ्या सुपात वाजत होता.

१३ जानेवारी. सकाळी सूप घेऊन विजयकडे गेले. डब्याजवळ जमिनीवर बसले.

"लाव पह्यलं गाणं," म्हटलं.

तो ओरडला नाही. डबा जरासा सरकवून त्यानं मला जागा करून दिली. मी सूप उचललं.