तेशीचा उंदीर

"यंदाचं मखर मी आफ्रिकेतून आणणार!" जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या मराठी मंडळाच्या बैठकीत जयंतनं ठोकून दिलं. फुटबॉल वर्ल्ड कपचं वर्ष होतं, सगळ्यांचाच उत्साह उतू चालला होता. कंपनी त्याला रंगांच्या कामासाठी घानाला पाठवत होती. अध्यक्ष मनोरमाताई म्हणाल्या, "जयंतराव, जबाबदारी तुमची. गडबड झाली तर मी आहेच!" त्यांच्या त्या "मी आहेच"ला ऱ्हाइनपलीकडच्या मानहाइममधले लोकही वचकून असत.

खरं तर जयंत पहिल्यापासून भित्रा. तेशी नावाच्या समुद्रकाठच्या गावात तो उतरला, तेव्हा अंगाला डासांचं मलम इतकं चोपडलं होतं की डासच काय, माणसंही चार हात लांब राहिली. रविवारी मनाचा हिय्या करून तो गाव बघायला बाहेर पडला. खच्चून भरलेल्या ट्रोट्रो, म्हणजे तिथल्या वडापच्या गाड्या, अंगावरून जात होत्या. बायका डोक्यावर मासळीची घमेली घेऊन हात न लावता चालत होत्या. किनाऱ्यावर रंगवलेल्या होड्या ओढताना बाप्ये सुरात गात होते. एवढ्यात एक बकरी मागे लागली! जयंत घाबरून गल्लीत वळला, तर समोर एक सुताराचं दुकान.

दुकानात लाकडी मासा, कोंबडा, अननस, अगदी मर्सिडीजसुद्धा! सगळं माणूसभर लांब, आत मखमल, वर झाकण. काय ती कलाकुसर! आपल्याकडची थर्माकोलची आरास यापुढे अगदीच केविलवाणी. सुतार आर्मा हातातलं काम ठेवून हलक्या पावलांनी पुढे आला.

"कोणासाठी हवं, साहेब?"

"आमच्या लाडक्यासाठी!" जयंतनं हातानं दोनेक फूट दाखवले.

"एवढासाच?" आर्माचा आवाज बसला.

"एवढासाच. थोडे दिवस घरी राहतो, मग आम्ही त्याला पाण्यात सोडतो."

आर्मानं डोक्यावरची टोपी काढली. "आकार कसला?"

"उंदीर! उंदराशिवाय त्याचं पान हलत नाही."

आर्माचे डोळे भरून आले. जयंतला कसंतरीच झालं. "अहो, वाईट वाटून घेऊ नका! पुढच्या वर्षी पुन्हा येतोच की!"

यावर आर्मानं त्याला घट्ट मिठीच मारली. शेजारची कणसं भाजणारी बाई आली आणि त्याचा हात हातात धरून बसून राहिली. परतीच्या दिवशी विमानतळावरच्या हमालांनी तो उंदीर खांद्यावर वाहून नेला आणि टिप घ्यायला साफ नकार दिला. किती जीव लावतात ही माणसं, असं म्हणत जयंत विमानात बसला.

चतुर्थीला हॉलमध्ये उंदराचं कोण कौतुक! गुलाबी कान, चंदेरी मिशा आणि मखमलीवर बाप्पा. सॉफ्टवेअरवाला श्रीधर लॅपटॉपवर बघून पूजा सांगत होता, बाकीचे टाळ वाजवत होते. तेवढ्यात जयंतच्या कंपनीतला, मूळचा घानाचा सहकारी क्वामे काळंतांबडं वस्त्र पांघरून आला.

"वा! पारंपरिक पोशाख!" मनोरमाताई खूश झाल्या.

क्वामे थेट जयंतच्या गळ्यात पडला. "आर्मा माझा मावसभाऊ. त्यानं फोनवर सगळं सांगितलं. इतकं लहान लेकरू! कुसुमची अवस्था काय आहे?"

"कुसुमची?" जयंतनं बायकोकडे पाहिलं. "ती मोदकांवर तूप घालतेय."

"धीराची बाई! जयंत, आर्मानं आयुष्यभर शवपेट्या केल्या. कोळ्याला मासा, ड्रायव्हरला मोटार. पण म्हणाला, हा उंदीर करताना हात चालेना."

जयंतच्या पायाखालची जमीन सरकली. शवपेटी! बाप्पा शवपेटीत! आणि क्वामेचा तो पोशाख सुतकाचा! सांगावं तर मनोरमाताई, न सांगावं तर साक्षात गणपती! "थांबा!" तो ओरडला. श्रीधर थांबला. मनोरमाताईंनी नुसती मान वळवली.

"काय झालं, जयंतराव?"

"काही नाही... चालू द्या."

त्यानं क्वामेला कोपऱ्यात ओढलं आणि भराभरा खरं ते सांगून टाकलं. "कोणी गेलेलं नाही रे! तो आमचा देव आहे! पण कुणाला बोलू नकोस, पाया पडतो तुझ्या!"

क्वामेच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बिचाऱ्याला तो आवरेना. दोन्ही हात वर करून तो जर्मनमध्ये गरजला, "गॉट झाय डांक! देवाची कृपा! कोणी मेलं नाही! शवपेटी रिकामीच आली!"

टाळांच्या गजरात मोठ्यांना काही कळलं नाही. पण मनोरमाताईंची नात अन्वी जर्मनीतच जन्मलेली. ती किंचाळली, "आजी, झार्ग! बाप्पा झार्गमध्ये बसलाय!"

झार्ग म्हणजे शवपेटी, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं. टाळ थांबले. जयंतनं डोळे गच्च मिटून घेतले. कुसुमच्या हातातली तुपाची वाटी पडल्याचा आवाज तेवढा आला.

"प्राणप्रतिष्ठा व्हायचीय अजून," श्रीधर चाचरत म्हणाला. "मूर्ती हलवता येईल."

"मग पाटावर बसवा बाप्पाला," मनोरमाताई शांतपणे म्हणाल्या. जयंतला हायसं वाटलं. हळूच एक डोळा उघडून त्यानं पाहिलं. मनोरमाताई रिकाम्या पेटीवर वाकून मखमल चाचपून बघत होत्या.

"जरा आखूडच आहे," त्या म्हणाल्या. "जयंतराव, पाय दुमडून मावाल ना?"