आंघोळीच्या पाण्यावरची मोसंबी

शेवंताक्काच्या घरी जाताना हातात फळाफुलाची पिशवी नसली तरी चालायचं, पण पाण्याची बादली असावी लागायची. कवठे महांकाळच्या बाजूला एका गावात मी मास्तर म्हणून आलो आणि तिच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. ओळख करून घ्यायला गेलो, तर माझं नाव विचारायच्या आधी आक्कानं विचारलं, "आंगूळ झाली का?" झाली म्हटल्यावर तिचा चेहराच पडला. "मग उद्यापास्नं हितं येत जावा," ती म्हणाली. "फरशी माजी, पानी तुमचं."

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. घरामागच्या परड्यात आक्कानं मोसंबीची चार झाडं लावली होती. तेव्हा गावात प्यायला टँकर यायचा, झाडाला पाणी कोण घालणार? आक्कानं झाडांच्या मधोमध एक फरशी टाकली, भोवती जुन्या लुगड्यांचा आडोसा केला आणि तिथून चारही झाडांना बारीक पाट काढले. तुमचं आंघोळीचं पाणी घरी गटारात जातंच, ते इथं येऊन जाऊ द्या, असा तिचा रोखठोक हिशेब. सकाळ झाली की अख्खी आळी बादल्या घेऊन आक्काच्या परड्यात. नंबर लागेपर्यंत तिथंच लग्नं जुळायची, भावकीतली भांडणं मिटायची आणि नवी लागायची.

साबणाला सक्त मनाई. साबणानं मुळ्या भाजतात म्हणून आक्का वाटीत डाळीचं पीठ काढून ठेवायची. वर्गात फळ्याकडं तोंड केलं की मागून खसखस पिकायची. माझ्या कानामागं पीठ राहिलेलं असायचं.

पण आक्काचा खरा सिद्धांत पुढंच होता. मोसंबीची गोडी खतावर नाही, आंघोळ करणाऱ्याच्या स्वभावावर असते, असं तिचं ठाम मत. म्हणून तिनं प्रत्येकाला झाड नेमून दिलेलं. चिडक्या माणसाच्या पाण्यानं फळ कोरडं होतं, चिकट माणसाच्या पाण्यानं साल जाड होते. तिचा सख्खा दीर चांगला धट्टाकट्टा गडी, पण त्याला नुसते पाय धुवायची परवानगी. मला मावळतीकडचं झाड मिळालं. त्याला पहिल्यांदा फळं धरली तेव्हा आक्कानं एक कापलं, फोड तोंडात टाकली, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "मास्तर, आता लगीन करा."

पुढं माझं लग्न झालं आणि त्या बहाराला झाड खरंच गोड निघालं. झाड वयात आलं होतं, एवढं मला कळत होतं. पण सगळं श्रेय बायकोला देऊन आक्का मोकळी झाली होती, आणि बायकोसमोर शेतीशास्त्र काढायची माझी छाती नव्हती.

मग कालव्याचं पाणी आलं. घरोघर नळ झाले, न्हाणीघरं झाली. आक्काचा मुलगा तिकडं तामिळनाडूत सोनं गाळायच्या धंद्यात. तो जत्रेला आला आणि आईचे कष्ट वाचावेत म्हणून चारही झाडांना ठिबक बसवून गेला. गावाला आनंद झाला. आळीतल्या बादल्या एकेक करून बंद झाल्या. आमच्याकडंही गरम पाण्याचं यंत्र आलं.

परवा आक्काच्या मुलाचा फोन आला. झाडं वाळायला लागलीत, आईला ठिबक जमत नाही वाटतं, जरा बघून या, म्हणाला. गेलो. गावभर पाणी आणि आक्काच्या मोसंबीची पानं वळून द्रोण झालेली. ठिबकचा कॉक बंद होता, वर तारेनं आवळून बांधलेला. मी तार सोडली, कॉक उघडला. कसा उघडायचा तेही मास्तरकीच्या सवयीनं सावकाश समजावून सांगितलं.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग खाली वाकून कॉक पुन्हा बंद केला.

"कळतंय मला ते," ती म्हणाली. "झाडास्नी पानी हाय म्हटल्यावर मानसं कशाला येतील? वाळल्याली दिसली, तर यील कोनतरी." मग तार गुंडाळत म्हणाली, "काल दिसभर म्या कुनासंगं बोलले न्हाई, मास्तर."

इतकी माया लावलेली झाडं ती डोळ्यांदेखत वाळू देत होती, आणि मी तिला कॉक शिकवत होतो.

घरी आलो. आंघोळ सकाळीच झाली होती, तरी नळाखाली बादली लावली. बायकोनं कुठं निघालात म्हणून विचारलं. सांगितलं. माझी बादली भरल्यावर तिनं ती बाजूला सरकवली आणि दुसरी लावली.