प्रवाळांचे मुऱ्हाळी

आखाजीच्या दोन दिवस आधी, सकाळी नऊच्या सुमारास, लोणखेड्याचे सुकलालआप्पा शहाद्यात माझ्या घरी आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, बाह्या दुमडल्या, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतलं एकुलतं एक प्रवाळ दगडासकट उचलून झाकणाच्या बादलीत ठेवलं. हे प्रवाळ त्यांनीच मला दिलेलं होतं. आता ते माहेरी चाललं होतं.

"आखाजी झाली का पोचाडी देसू," आप्पा माझ्या बायकोला म्हणाले.

"साडीचोळी करशात ना तिले?" बायकोने विचारलं.

"तिन्हा मापनी कोठे भेटस माय," असं म्हणून आप्पा बादली घेऊन जिना उतरले.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. या सणाला आमच्याकडे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात. मुलीला आणायला माहेरचा एक माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय मुलगी निघत नाही. प्रवाळांसाठी मुऱ्हाळी जाणारा माणूस, माझ्या माहितीप्रमाणे, जिल्ह्यात एकच आहे.

प्रवाळ म्हणजे इथे अंगठीतलं पोवळं नव्हे. समुद्रात दगडाला चिकटून वाढणारा तो एक जिवंत प्राणी. कठीण जातीची प्रवाळं घरात ठेवायला कायद्याने मनाई आहे. आप्पांकडे असतात ती मऊ, शर्टाच्या बटणांसारखी आणि छत्रीसारखी. ती वाढली की आप्पा त्यांचे तुकडे करतात आणि लोकांना देतात. देतात म्हणजे, बहुतेकदा देत नाहीत.

आप्पांचं शहाद्यात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. लोणखेड्याच्या घरात टीव्हीच्या जागी सहा फुटी टाकी आहे आणि टीव्ही धान्याच्या कोठीवर आहे. बातम्या पाहायच्या असतील तर उभ्याने पाहाव्या लागतात. घरात आप्पा आणि सुमनकाकू दोघंच. एक मुलगी आहे, मनीषा, ती सुरतेला असते. तिचा विषय निघाला की आप्पा टाकीची काच पुसायला लागतात.

मी टाकी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे प्रवाळ मागायला गेलो. आप्पांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घर कोठे शे तुमनं?"

"टाकी विचारताय ना?"

"पहिलं घर. अंडेर देवानी शे भो, पपईनं खोकं नही."

अंडेर म्हणजे लेक. पुढच्या रविवारी आप्पा आणि काकू माझं घर पाहायला आले. आप्पांनी पांढरी टोपी घातली होती, काकू नव्या साडीत होत्या. दोघं दिवाणावर बसले. चौकशी सुरू झाली. पाणी कुठलं? मीठ कुठलं? लाईट किती वेळ जाते? खिडकीतून ऊन किती येतं? घरातल्या कोणाला उठसूट पाण्यात हात घालायची सवय आहे का? शेवटच्या प्रश्नावर बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग आप्पा टाकीसमोर उकिडवे बसले. पाणी काचेइतकं स्वच्छ होतं. मला वाटलं, काम झालं.

"भलतीच चकाचक शे," आप्पा काळजीने म्हणाले. "पानी आजून कच्चं शे."

नव्या टाकीचं स्वच्छ दिसणं हा पुरावा नाही, असं त्यांनी मला समजावलं. दगडात आणि वाळूत न दिसणारे जीव वस्तीला यावे लागतात. घाण खाऊन पाणी सांभाळायचं काम तेच करतात. ते बसेपर्यंत टाकीचा काही भरवसा नाही. आधी सगळीकडे तपकिरी साय धरते, ती जाते, मग हिरवं शेवाळ येतं, ते गोगलगायी खातात, मग काही दिवस काहीच घडत नाही. "काही घडत नही ना, तव्हय माले बलावा," आप्पा म्हणाले. तोवर कोणाचं ऐकून घाई करायची नाही. नव्या घरात सून रुळते तसं पाणी रुळावं लागतं.

त्यानंतर आप्पा कुठेही भेटले की एकच प्रश्न विचारत: "पानी रुळनं का?" बाजारात विचारत. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना रस्त्यापलीकडून ओरडून विचारत. एका दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायची सगळे शांतपणे वाट पाहत असताना, त्यांनी मागून माझ्या कानाशी येऊन विचारलं. मी तपकिरी असल्याचं कुजबुजलो. ते समाधानाने मागे सरकले.

सगळ्यांना एवढा धीर नसतो. कळसाडीच्या एका पपई व्यापाऱ्याला वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांना प्रवाळ दाखवायचं होतं. "वास्तुशांत घरनी शे, टाकीनी नही," म्हणून आप्पांनी नकार दिला. व्यापाऱ्याने दुसरीकडून तीन प्रवाळं आणून त्याच दिवशी पाण्यात सोडली. आठवडा संपायच्या आत तिन्ही मिटली, विरघळली आणि घरभर वास सुटला. आप्पांना कळलं तेव्हा ते टोपी घालून कळसाडीला बसायला गेले. दुःखाच्या घरी बसतात तसे बसले. चहा घेतला नाही. अर्ध्या तासाने उठले आणि व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. तो व्यापारी मला नंतर म्हणाला, "बाप गेला तव्हय बी कोणी इतलं मनापासून बठनं नही भो."

माझ्या टाकीत काहीच घडेनासं झाल्यावर आप्पा पुन्हा आले. गोगलगायी मोजल्यासारख्या पाहिल्या. आणि मग पिशवीतलं प्रवाळ काढलं. आधी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. मग ठिबकची बारीक नळी लावून माझ्या टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं, पपईच्या रोपाला देतात तसं. ते होईपर्यंत आमचं जेवण झालं. प्रवाळ दगडावर बसवून झाल्यावर आप्पा दारापर्यंत गेले, परत आले, एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आठ दिन उजेड कमी ठेवज्यात. लाजाळू शे."

आखाजीच्या दिवशी मी लोणखेड्याला गेलो. मी एका दैनिकाला बातम्या पाठवतो; यावर एखादी होते का, हे पाहायचं होतं. अंगणातल्या लिंबाला गल्लीतल्या पोरींनी झोका बांधला होता. पडवीत खाऱ्या पाण्याने भरलेले टब होते आणि त्यांत तालुक्यातून आणलेली प्रवाळं. माझं, पुरुषोत्तमनगरच्या एका फिटरचं, आणखी काहींची. आप्पा जुन्या टूथब्रशने एकेकाचा दगड घासत होते, किडे शोधत होते आणि त्यांच्याशी बोलत होते. "वाळी गयी व माय. खावाले देतस का नही तठे?" मी मान खाली घातली. ते माझंच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांचे हात कोपरापर्यंत ओले. काकूंनी फोन उचलला, स्पीकर लावला आणि तो आप्पांच्या तोंडासमोर धरला.

"आप्पा, मनीषा बोली ऱ्हायनू."

आप्पांचा ब्रश थांबला. मनीषाने काही वर्षांपूर्वी सुरतेत स्वतःच्या पसंतीने कोर्टात लग्न केलं. मुलगा व्यारा भागातला, गुजराती. त्यानंतर ती फोनवर आईशी बोलत असे. आप्पा तिच्या घरी गेले नव्हते आणि तिच्यासाठी या घरातून कधी मुऱ्हाळी गेला नव्हता.

"आप्पा, मी टाकी लयी शे. खारा पानीनी. बरेच दिन व्हयनात. प्रवाळ कव्हय देशात?"

झोक्यावरच्या पोरी गात होत्या. आप्पांनी ब्रश खाली ठेवला.

"घर पाह्याबिगर देत नही मी," ते म्हणाले.

"मंग या ना पाहाले."

आप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मन्हाकडे काय पाही ऱ्हायनात? नियम तुमनाच शे. दुन्याना घरे पाही उनात."

पुढच्या रविवारी आम्ही नंदुरबारहून गाडीने सुरतेला गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. काकूंच्या गुडघ्यांनी ऐनवेळी नकार दिला, तरी सांजोऱ्यांचा डबा त्यांनी दिला होता. नवापूर गेलं, व्यारा गेलं, आप्पांनी टोपी तीनदा काढून घातली. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार मनीषाने उघडलं. आप्पांनी डबा तिच्या हातात दिला. जावई पाण्याचा पेला घेऊन उभाच राहिला.

आप्पा सोफ्याच्या कडेवर बसले आणि चौकशी सुरू झाली. पाणी कुठलं, मीठ कुठलं, ऊन किती. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"लाईट कितली जास?"

"लाईट तो जती ज नथी, पप्पा," जावई म्हणाला.

पप्पा हा शब्द ऐकल्यावर आप्पा पुढचा प्रश्न विसरले. मग त्यांनी पेला रिकामा केला आणि टाकीसमोर उकिडवे बसले. मनीषा शेजारी बसली. दगडांवर जांभळट रंग धरू लागला होता. काचेच्या एका कोपऱ्यात थोडं हिरवं, त्यावर दोन गोगलगायी. खारेपणा मी मोजला, बरोबर होता. पाण्याची परीक्षा केली, दोष निघाला नाही. माझ्या माहितीप्रमाणे काही घडत नव्हतं.

"रुळनं ना पानी, आप्पा?" मनीषाने विचारलं.

आप्पा बराच वेळ काचेला नाक लावून राहिले. काचेवर वाफ धरली, ती त्यांनी टोपीने पुसली.

"नही," ते म्हणाले. "आजून कच्चं शे. पुढला महिनामा परत पाहाले येवं पडी."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी गोगलगायींकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "आईले बी लयी या."

त्यानंतर पावसाळा झाला, दिवाळी झाली. आप्पा दर महिन्याला सुरतेला जातात, काकूंचे गुडघेही जातात. जावई स्टेशनवर घ्यायला येतो. गेल्या रविवारी दोघं पुन्हा जाऊन आले. पाणी अजून कच्चं असल्याचं आप्पांनी सांगितलं.