आईच्या कानातली बाई

"गप्प बस की गं बाई! सकाळपासून नुसती टकळी!"

आई स्वयंपाकघरात मटार सोलत पुटपुटत होती. मी डोकावून पाहिलं. तिच्याजवळ मटारांखेरीज कुणीच नव्हतं! पण आमच्या घरात असं काही दिसलं की ते मुकाट्याने गिळायचं असतं. मी गिळलं आणि बाहेरच्या खोलीत ताईकडे गेले.

आता तुम्हाला म्हणून सांगते, कॉम्प्युटर मी कुणाकडूनही न शिकता शिकले आहे. घरातलं एकही यंत्र माझ्या शब्दाबाहेर नाही! कालचंच घ्या. आईला नवी श्रवणयंत्रं आली. तिला कॉम्प्युटरवर जुनी नाटकं ऐकायची असतात, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीला तडे जातील अशा आवाजात. मी ती यंत्रं बिनतारी थेट कॉम्प्युटरलाच जोडून टाकली. नाटक सरळ आईच्या कानात, शेजारी सुखात! दहा मिनिटांचं काम.

आज त्याच कॉम्प्युटरवर मी ताईसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं. ताई वीस वर्षं छापखान्याची मुद्रितं तपासते आहे. अलीकडे तिचे डोळे 'दमलेत'. घरात असंच म्हणायचं. मी म्हणते, चष्म्याचा नंबर बदलला. ताई म्हणते, उजेड कमी आहे. आणि आईला तर यातलं काहीच कळू द्यायचं नाही. गेल्या आठवड्यात ताई दारामागच्या कोटाला "या, बसा" म्हणाली, तेव्हा मीही त्या कोटाला पाणी विचारलं.

छापखान्याच्या मालकांनी बजावलं होतं, "नमुन्याचं एक पान बारापर्यंत तपासून पाठवा. नाही जमलं तर काम दुसऱ्याला देऊ." सॉफ्टवेअर वाचणार, ताई ऐकून चुका पकडणार, असा माझा बेत होता.

सकाळी टाकल्याटाकल्या चालू केलं तेव्हा ते मुकंच राहिलं होतं; साडेनऊला परत सुरू केलं. पडद्यावर चित्र आलं, गेलं. पुढे शांतता!

"बोललं का गं?" ताईने विचारलं.

"बोलेल. नवीन आहे, लाजतंय."

बंद केलं, चालू केलं. ढिम्म! मग आवाज एकदम शंभरावर नेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून "अगं आई गं!" अशी किंकाळी आली आणि मटारांचं भांडं खाली आदळलं.

"काय झालं, आई?"

"कुठे काय? काही नाही!"

माझं डोकं फिरलं. जगातलं प्रत्येक यंत्र नको तेव्हा कोकलतं. लिफ्ट बोलते, वजनकाटा बोलतो, आणि ज्याला बोलण्यासाठीच जन्माला घातलं ते मौनात! मी कंपनीला फोन लावला, पलीकडच्या गृहस्थाला कॉम्प्युटर दुरून तपासायला दिला.

"मॅडम, ते बोलतंय."

"बोलतंय? मग आम्ही बहिऱ्या आहोत का?"

"तसं मी कसं म्हणू, मॅडम?"

फोन आपटला! सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं. सहा वेळा बंद, सात वेळा चालू. साडेअकरा वाजले तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

"पुरे," ताई म्हणाली. "सरक."

तिची बोटं टाइपरायटरवर घडलेली, त्यांना डोळे लागत नाहीत. ती मालकांना पत्र लिहायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

इतक्यात आई दारात येऊन उभी राहिली. "घरगुती अडचण कसली गं?"

ताईची बोटं थांबली.

"'घरगुती अडचणीमुळे काम दुसऱ्या कुणाला द्यावे' म्हणाली ना ती आत्ता!"

"कोण ती?" मी विचारलं.

"माझ्या कानातली! सकाळपासून सात वेळा 'आपलं स्वागत आहे' म्हणून झालं, आलं कुणीच नाही. मध्येच कानात केवढ्यांदा ओरडली! म्हटलं, वय झालं, कानात बायका बोलायला लागल्या. पोरींना कशाला घाबरवा?"

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. आईच्या कानांकडे पाहिलं. लाज नावाची गोष्ट पायांपासून वर चढते, हे मला तेव्हा समजलं.

"आई, ते... ताईचे डोळे जरा दमलेत, म्हणून..."

"दमलेत!" आई कडाडली. "दोन महिने ती साखर आणि मीठ चाखून ओळखतेय! मी काय कोट आहे दारामागचा?"

ती ताईसमोर बसली. कानांतली दोन्ही यंत्रं काढून पुसली आणि ताईच्या तळहातावर ठेवली.

"घाल. तुला दिसत नाही. मला ऐकू येत नाही. आणि हिला," तिने माझ्याकडे बोट केलं, "कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही! झालं एकदाचं बोलून. बाराला वीस मिनिटं आहेत, पान काढ."