गुंडूअण्णांच्या उलट्या जर्सी

गुंडूअण्णांच्या दिवाणखान्यात फुटबॉलच्या सात जुन्या जर्सी टांगलेल्या आहेत, आणि सातही उलट्या. शिवण बाहेर, नंबर आत. पुण्याहून बंगळूरच्या मल्लेश्वरमला राहायला आलो तेव्हा मला वाटलं, शेजाऱ्यांनी घरात धुणं वाळत घातलंय. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यानंतर आठवडाभर अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. इतका शांत आठवडा पुन्हा वाट्याला आला नाही.

अण्णा मूळचे बेळगावचे. इथल्या एका कारखान्यात, जो आता बंद पडलाय, ते खेळाच्या सामानाचं स्टोअर सांभाळायचे. म्हणजे चेंडूंत हवा भरायची आणि जर्सी मोजून घ्यायच्या. कारखान्याच्या संघात चेलप्पा नावाचा सेंटर हाफ होता. त्यानं एकदा मैदानाच्या मध्यावरून गोल मारला, त्यावर इथली म्हातारी मंडळी अजून जगताहेत. खेळताना तो जर्सीची कॉलर चावायचा, आणि अण्णांच्या मते अस्सल जर्सी ओळखायची हीच खूण. कुणी जर्सी दाखवायला आणली की अण्णा आधी खिशातली फणी काढून आपली झुबकेदार मिशी विंचरतात. मग भिंग काढतात आणि कॉलर उलटी करून बघतात. नंबराकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

"खोटी हाय बगा अक्का," म्हणून सोडून देतात. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण इकडच्या रीतीनं अक्का.

"चेलप्पा म्हणजे देव ओ, देव!" हे दिवसातून तीनदा. आता या देवाचा खेळ भक्ताला कितपत कळतो, याची मला पहिल्यापासून शंका होती. ऑफसाइड म्हणजे काय, असं विचारलं तर "स्वल्प थांबा, मग सांगतो" म्हणाले. त्याला चार वर्षं झाली. एकदा मोठी फायनल बघायला आमच्याकडे बोलावलं, तर मध्यंतराच्या आधीच घोरायला लागले.

पण मला खरा राग होता तो वेगळाच. अण्णांची बायको जाऊन पस्तीसेक वर्षं झाली. भिंतीवर तिचा एकही फोटो नाही, आणि परक्या माणसाचे घामट सदरे मात्र सात! "बायकोच्या नशिबी एक खिळासुद्धा नाही," असं मी नवऱ्याला कितीदा ऐकवलं असेल.

त्यात अण्णांचा जीव आठव्या जर्सीसाठी टांगणीला लागलेला. "चेलप्पाच्या शेवटल्या मॅचची राहिलीया. ती मिळाली की मी सुटलो."

यंदा अण्णांची पंचाहत्तरी. व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात एकाशी बोलता बोलता कळलं की त्याचे आजोबा त्याच संघात गोलकीपर होते, आणि नेमकी ती जर्सी त्यांच्या ट्रंकेत पडून आहे. त्यानं ती आनंदानं दिली. कॉलर चावून चोथा झालेली, आतून कसलंसं चौकोनी रफू. असली चिंधी वाढदिवसाला द्यायची? मी पडले पुण्याची. कोपऱ्यावरच्या टेलरकडून नवी कोरी कॉलर बसवून घेतली, कडक इस्त्री केली, आणि वाढदिवसाच्या सकाळी जर्सी अण्णांच्या हातात ठेवली.

अण्णांनी मिशी विंचरली. भिंग काढलं. कॉलर उलटी केली. आतली नवी शिवण बोटानं चाचपली.

"जुनी कॉलर कुठाय?"

"टेलरकडेच राहिली. फाटली होती हो अण्णा."

"फाटायचीच की ओ. म्हणून तर घरी यायची." अण्णांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "आमची ही धारवाडची. कसुतीचं भरतकाम काढण्यात तिचा हात धरणारं कोण नव्हतं. चेलप्पानं कॉलर खाल्ली की मी जर्सी घरी आणायचो. ती रफू करायची, आणि आत, कुणाला दिसणार नाही असं, कायतरी काढून ठेवायची. तुळस, मोर, गोपुर. सांगायची नाही. मी शोधायचं. ही शेवटली तिनं अंथरुणात बसून शिवली. मॅचची घाई हुती, मी न बघताच नेऊन दिली. चार दिवसांनी ती गेली."

मी भिंतीकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा नीट. सातही कॉलरींच्या आत बोटाच्या पेराएवढी नक्षी होती. मेले माझे डोळे! मी तशीच अनवाणी टेलरकडे धावले.

"कालची कॉलर? हां, त्यात बघा मॅडम," म्हणत त्यानं मशीनखालचं चिंध्यांचं पोतं दाखवलं. रस्त्यावर बसून मी ते अख्खं उपसलं. अगदी तळाशी ती सापडली.

अण्णांनी कॉलरीवर भिंग धरलं. ज्याला मी रफू समजले होते, तो एक माणूस होता. चौकोनी डोकं, काटकुळे पाय, आणि चेहऱ्याच्या दुप्पट रुंद मिशी. अण्णांचा हात फणीकडे गेला आणि खिशापाशीच थांबला.

"मिशी जरा जास्तच काढलीया," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. अण्णांनी ती कॉलर घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि इस्त्रीची जर्सी माझ्या हातात परत दिली.

"ही तुम्हीच ठेवा अक्का. फुटबॉलमधलं मला काय कळतंय?"