सासऱ्यांसाठी खऱ्या नोटा

शांघायच्या त्या महागाईत पगार हातात पडला की कारकून मंडळी आधी तांदळाच्या दुकानाकडे धूम ठोकत. शेन बाओचिंगने मात्र त्या दुपारी वाट वाकडी केली. सासऱ्यांचं श्राद्ध होतं आणि पितरांसाठी जाळायच्या खोट्या नोटा घ्यायच्या होत्या. खिशात अख्खा पगार होता, म्हणजे पाच लाखांची एकच करकरीत नोट.

"गड्डी केवढ्याला?"

"साडेचार लाख," दुकानदार म्हणाला.

"अहो, पण या खोट्या आहेत ना?"

"म्हणूनच महाग! खऱ्यांना विचारतंय कोण?"

शेनला पटलं. (त्याला कुणाचंही लगेच पटे, हीच तर बायकोची तक्रार होती.) घरी पलंगाखाली मागच्या महिन्यांतल्या नोटांची पेटी पडून होती. त्यांत आता काडेपेटीही आली नसती. मग त्याच का जाळू नयेत? खऱ्या नोटा पाहून सासूबाई खूश होतील. लग्नाला आठ वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला नव्हता, आणि शेनला तो फार हवा होता. तो तडक घरी आला.

"तांदूळ कुठायत?" बायकोने, युएचेनने विचारलं.

"आधी बाबा, मग तांदूळ!"

अंगणात पेटी रिकामी झाली. ज्वाळा छपरापर्यंत गेल्या.

"खऱ्या आहेत?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी सरकारी शिक्क्याच्या, आई!"

सासूबाईंनी नाक मुरडलं नाही. शेन तेवढ्यावरच धन्य झाला आणि तांदळाच्या दुकानाकडे पळाला. तोवर तिथल्या पाटीवरचा भाव तीनदा पुसून वाढवला होता. पाच लाखांत रुमालात मावतील एवढेच तांदूळ आले.

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या छ्येनकाकू पोतं ओढत होत्या.

"काकू, एवढे तांदूळ? लॉटरी लागली का?"

"कसली लॉटरी! कागद गिरणीचा माणूस आलाय. जुन्या नोटा वजनावर घेतो, लगद्यासाठी. पेटीभर नोटांना अर्धं पोतं तांदूळ. तुमच्याकडेही होती ना पेटी?"

शेनने घरी येऊन सगळं सांगितलं, कारण छ्येनकाकूंनी ते तसंही सांगितलंच असतं. युएचेनने कपाळावर हात मारला आणि ती तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई मध्ये पडल्या.

"जाऊ दे गं, बोलू नकोस त्यांना. आठ वर्षांत जावईबापूंनी आज पहिल्यांदा आपल्या घरच्या माणसाला काही मोलाचं दिलं. त्यासाठी तुझ्या बाबांना मरावं लागलं, एवढंच."