केसवभाऊजी आन जवारीचं वावर

त्या दिवशी मारोतीच्या पारावर शेतीचा सायब होता, सरपंच होता, माह्ये देर केसवभाऊजी होते, आन खाली बायायमंदी मी.

केसवभाऊजीले गावात कोनी नावानं बलावत नाई, 'इचारलंका' मनतात. चहात साखर जास्त पडली, "मले इचारलं का?" अवकाळी पानी आलं तं आभायाकडं पाहून, "मले इचारलं का?" पन सोता बी सगळ्याईले इचारतात. बइल जुपाच्या आंदी त्याच्या कानापाशी जातात, "येतं का रे वावरात?" बइलानं मान हालवली तं हे बसून राह्यतात. एकडाव अशीच दुपार झाली. मी मनली, "भाऊजी, गोमाशी चावली मनून हालवली त्यानं मान." तं मनतात, "वयनी, त्याचं कारन त्याच्यापाशी."

सायब मनला, औंदा या शिवारात सगळ्याईनं कापूसच लावाचा, वरून तसा प्लॅन हाय.

मालक गेल्यापासून माह्या वाट्याचं वावर भाऊजीच वाहतात, आन त्यात जवारी असते. रेशनचा तांदूळ मले पचत नाई. भाकर नाई तं मी उपाशी.

भाऊजी उठले. "सायब, आमाले इचारलं का?"

सायब हासला. "काका, तुमीच मत देऊन सरकार निवडलं ना?"

"मत देल्लं. वावर नाई देल्लं."

सरपंच मनला, "बसा ना बा खाली."

बसले नाई. सगळ्याईसमोर माह्याकडं वळले. "वयनी, वावर तुमचं. काय लावाचं?"

माह्या उमरीत पारावर कोन्या बाईले कोनं काई इचारलं नवतं. मी पदर सावरला आन मनली, "जवारी."

"झालं," भाऊजी सायबाले मनले. "लिवून घ्या."

आता शिवारभर कापसाची पऱ्हाटी हाय, आन मधात माही एकटीची जवारी. साऱ्या गावची पाखरं तिच्यावरच तुटून पडतात. भाऊजी झाकटीतच, उजाडाच्या आंदी, मचानावर चढतात, गोफन फिरवतात, हाका मारतात. गळा बसला. मी मनली, "जाऊ द्या ना अर्धी पाखरायले." आयकत नाई. तोंडात एक दात नाई त्याईच्या, भाकर चावत नाई, भातच खातात. त्या जवारीतला दाना त्याईच्या तोंडी लागनार नाई.

असा देर कोन्या घरी नाई, हे मी मान वर करून सांगतो.

बायको गेली त्याईची, पोरगं आदिलाबादले राह्यते. दिवसभर वर बसून पाखरायशीच बोलतात. भीमपूरच्या रस्त्यानं जाल तं मचानाखाली जराक थांबा, आन त्याईच्याशी दोन गोष्टी बोलून जा.